ड्युरँगो किडच्या तोंडावर रुमाल का होता?

काउबॉय सिनेमा म्हटलं की आपल्याकडे फिरून फिरून तीच नावं निघतात, जॉन वेन, क्लिंट ईस्टवूड, फार तर गॅरी कूपर. पण अमेरिकेत १९३० ते १९५४ या काळात काउबॉय सिनेमांचा जो ढीगच्या ढीग निघाला त्यातले बहुतेक सिनेमे ज्यांची नावं आज कुणी घेत नाही अशा लोकांनी केले. तासाभराचे, ब्लॅक अँड व्हाइट, आठवड्या-दहा दिवसांत शूटिंग संपवलेले. ह्याच लोकांमधला एक म्हणजे चार्ल्स स्टॅरेट. ह्या माणसाने १९३५ ते १९५२ कोलंबिया पिक्चर्स ह्या एकाच कंपनीत काम केलं आणि तेवढ्यात १३१ वेस्टर्न म्हणजे काउबॉय सिनेमे केले. म्हणजे वर्षाला सात-आठ सिनेमे, सतरा वर्षं, हिरो कायम तोच. आपल्याकडे एखाद्या हिरोचे वर्षात तीन आले तरी आपण म्हणतो की किती काम करतो बुवा हा.

आता हे जमायचं कसं, आणि इतकं करूनही त्याचं नाव का उरलं नाही, हे समजून घ्यायचं तर नुसता त्याचा बायोडेटा वाचून काही कळत नाही. त्यासाठी बी-मूव्ही नावाचा धंदा कसा चालायचा ते बघावं लागतं. आणि तो धंदा कळला की स्टॅरेटच्या ड्युरँगो किड ह्या सगळ्यात गाजलेल्या भूमिकेत त्याच्या तोंडावर काळा रुमाल का बांधलेला होता तेही कळतं. मला विचाराल तर त्या रुमालाचं खरं कारण कथेपेक्षा हिशोबाच्या वहीत जास्त सापडतं.

तर आधी धंदा. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली, लोकांच्या खिशात पैसा नाही, थिएटरं ओस पडायला लागली. मग मालकांनी शक्कल काढली की एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, वर न्यूजरील म्हणजे बातम्यांची छोटी फिल्म, कार्टून, कुठे कुठे सिरियलचा एखादा भाग. ह्यातला मोठा सिनेमा म्हणजे ए, आणि जोडीला दिलेला छोटा म्हणजे बी. त्यामुळे बी म्हणजे दुय्यम दर्जाचा असं जे सर्रास समजलं जातं ते पूर्ण बरोबर नाही, कार्यक्रमात त्याची जागा दुसरी एवढंच. बरेचसे दर्जानेही दुय्यम असायचे ही गोष्ट वेगळी.

पण खरी मेख पैशात आहे. मोठ्या सिनेमाला थिएटरच्या गल्ल्यातली टक्केवारी मिळायची, म्हणजे सिनेमा चालला तर स्टुडिओची चांदी. छोट्या सिनेमाला मात्र ठरलेलं भाडं, एवढे डॉलर म्हणजे एवढेच, हॉल भरला काय आणि रिकामा राहिला काय. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. सिनेमा बनायच्या आधीच त्यातून साधारण किती पैसे येणार हे स्टुडिओला माहीत असायचं. जीव ओतून उत्तम केला तरी तेवढेच, उरकला तरी तेवढेच. मग नफा वाढवायचा एकच रस्ता उरतो, खर्च कमी करणं. आणि एकदा खर्च कमी करायचा हे ठरलं की जी गोष्ट पुन्हा वापरता येईल ती सोनं होते, मग तो सेट असो, कपडे असोत, कथा असो की जुन्या सिनेमातली घोड्यांची पळापळ असो.

ह्या गणितात वेस्टर्नइतका फिट बसणारा दुसरा प्रकारच नव्हता. बहुतेक गोष्ट उघड्यावर घडते, म्हणजे लाइटचा खर्च वाचला, सूर्य फुकट. लॉस एंजेलिसच्या जवळच चॅट्सवर्थला आयव्हर्सन रँच म्हणून खडकाळ जागा होती, तिथे दिवसभर घोडे दौडवा आणि रात्री घरी जेवायला. गावातला रस्ता, सलून म्हणजे दारूचा गुत्ता, शेरीफचं ऑफिस पाहिजे तर कोलंबियाची स्वतःची रँच बरबँकला होती, तिथे ती गल्ली कायमची उभी. एका सिनेमात त्या गावाला एक नाव, पुढच्या सिनेमात पाटी बदलली की दुसरं. शनिवारी दुपारच्या खेळाला पोरं नाणी घेऊन रांगेत उभी राहायची, आणि खेड्यापाड्यातल्या, खास करून दक्षिणेतल्या, छोट्या थिएटरांत तर शनिवारी हाच मुख्य सिनेमा असायचा. ह्या पोरांना नवीन काही नको होतं, गेल्या वेळचंच परत पाहिजे होतं, फक्त थोडं बदलून.

अजून एक गोष्ट, हे सिनेमे एकेकटे विकले जायचे नाहीत. थिएटरवाला अख्ख्या सीझनची मालिका आगाऊ घ्यायचा, अमुक हिरोचे एवढे सिनेमे, तेही त्यातला एकही शूट झालेला नसताना. म्हणजे तो प्रत्यक्षात कथा विकतच घेत नव्हता, तो घेत होता भरवसा. एसटीच्या गाडीसारखं आहे हे, गाडी नवी आहे का, सीट मऊ आहे का हे नंतर, सकाळी साडेसहाची गाडी साडेसहाला सुटली पाहिजे. तसा हिरोही वेळेवर येणारा, आजारी न पडणारा, भांडणं न करणारा, दारू पिऊन शूटिंग न बुडवणारा पाहिजे. अभिनय नंतर बघू. ह्या कसोटीवर त्या काळातले भलेभले काउबॉय नापास झाले, स्टॅरेट सतरा वर्षं पास होत राहिला.

आता हा माणूस आला कुठून? कुठल्या टेक्ससच्या रँचवरून म्हणजे गुराढोरांच्या फार्मवरून नाही. जन्म २८ मार्च १९०३, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ॲथॉल हे गाव, म्हणजे अमेरिकेचा पार पूर्वेचा, थंडीचा, कारखान्यांचा भाग. आणि घरचा कारखाना. ज्यांनी मशीन शॉपमध्ये किंवा टूलरूममध्ये काम केलंय त्यांनी मायक्रोमीटरवर नाहीतर कॉम्बिनेशन स्क्वेअरवर स्टॅरेट हे नाव कोरलेलं पाहिलं असेल, तेच हे स्टॅरेट. चार्ल्सचे आजोबा लॅरॉय स्टॅरेट यांनी कॉम्बिनेशन स्क्वेअर शोधून काढला आणि १८८० मध्ये ॲथॉलला कंपनी काढली, ती मापनाच्या अवजारांसाठी जगभर नावाजली गेली. म्हणजे नातवाला पोटासाठी घोड्यावर बसायची काहीच गरज नव्हती. घरच्या कंपनीत टाय लावून बसला असता तरी आयुष्य आरामात गेलं असतं, आणि पुढे त्याने नोकरी ज्या शांतपणे सोडली त्यामागे हेही एक कारण होतंच.

डार्टमथ कॉलेजात तो फुटबॉल खेळायचा. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. १९२६ मध्ये द क्वार्टरबॅक नावाच्या सिनेमासाठी मैदानात धावणारी पोरं पाहिजे होती, त्यात कॉलेजच्या टीममधून हा एक्स्ट्रा म्हणून गेला आणि तिथेच किडा चावला. मग काही वर्षं नाटक कंपन्यांमधून कामं, आणि १९३० मध्ये पॅरामाउंटचा फास्ट अँड लूज, ज्यात मिरियम हॉपकिन्स आणि कॅरोल लोम्बार्ड होत्या. उंच, रुंद खांद्यांचा, सरळ नाकाचा, केस नीट बसवलेले, म्हणजे हिरोईनच्या शेजारी सूट घालून उभा करायला एकदम योग्य. आणि पुढची चार-पाच वर्षं त्याला तेवढंच काम मिळालं, उभं राहणं.

ह्या काळातला एकच सिनेमा आज लोक हौसेने बघतात, १९३२ चा एमजीएमचा द मास्क ऑफ फू मांचू. बोरिस कार्लोफ त्यात खलनायक आणि मर्ना लॉय त्याची मुलगी. स्टॅरेटला त्यात पकडून आणतात, उघड्या अंगाने बांधतात, चाबकाचे फटके मारतात, ती मुलगी डोळे चमकवत बघत उभी, मग त्याला टेबलावर पट्ट्यांनी जखडून कार्लोफ लांब लांब नखांच्या हातांनी त्याला औषध टोचतो की ज्याने त्याचं मनच त्यांच्या ताब्यात जातं. तेव्हा सेन्सॉरचे नियम कडक व्हायचे होते म्हणून हे असलं चालून गेलं. सिनेमा चिनी लोकांबद्दल भयंकर पूर्वग्रहाने भरलेला आहे, तो बघताना आज अंगावर येतं, ते सोडून देता येत नाही. पण स्टॅरेटचं नशीब बघा, मोठ्या स्टुडिओच्या मोठ्या सिनेमात त्याच्या वाट्याला काय आलं तर टेबलावर पडून राहणं. लक्षात राहिला कार्लोफ, लक्षात राहिली लॉय.

मधे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे जी त्याच्या गोड गोड काउबॉय प्रतिमेत बसत नाही. मार्च १९३३ मध्ये स्टुडिओवाल्यांनी मंदीचं कारण सांगून कलाकारांचे पगार अर्ध्यावर आणले, कामाचे तास तर आधीपासूनच वाटेल तितके होते. त्यातून त्याच वर्षी स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची युनियन उभी राहिली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांमध्ये चार्ल्स स्टॅरेट होता. त्या वेळी युनियनमध्ये जाणं म्हणजे स्टुडिओच्या काळ्या यादीत नाव जायची भीती. कारखानदाराचा नातू युनियनच्या बाजूने उभा राहिला, मला हे त्याच्या सगळ्या घोडदौडीपेक्षा जास्त आवडतं.

आता १९३५. कोलंबियाचा काउबॉय हिरो टिम मॅकॉय कंपनी सोडून गेला होता आणि जागा रिकामी होती. कोलंबिया तेव्हा मोठ्या स्टुडिओंमध्ये धाकटी. हॅरी कोहन मालक, गोवर स्ट्रीटवर ऑफिस, आजूबाजूला चिंधी चिंधी कंपन्या, त्या सगळ्या भागाला लोक पॉव्हर्टी रो म्हणजे गरिबांची गल्लीच म्हणायचे. सनसेट बुलेव्हार्ड आणि गोवरच्या कोपऱ्यावर काउबॉयचे कपडे घालून, बूट-टोपीसकट, काम मिळायची वाट बघत माणसं उभी असायची, त्यातले बरेचसे खरेच रँचवर काम करून आलेले होते आणि घोड्यावर बसण्यात स्टॅरेटच्या दहापट भारी होते. पण हिरोची खुर्ची मिळाली डार्टमथच्या फुटबॉलवाल्याला, कारण कॅमेऱ्यासमोर चेहरा लागतो आणि वाक्य नीट बोलता आलं पाहिजे. घोड्यावरची पडझड करायला ही माणसं होतीच की.

पहिला सिनेमा गॅलंट डिफेंडर, १९३५. त्यात सन्स ऑफ द पायोनियर्स नावाचं गाणाऱ्यांचं टोळकं होतं आणि त्या टोळक्यात लेन स्लाय नावाचा एक काटकुळा पोरगा. हा लेन स्लाय दोन वर्षांनी रिपब्लिक कंपनीत गेला, तिथे त्याचं नाव ठेवलं रॉय रॉजर्स, आणि १९४३ पासून पुढे वर्षानुवर्षं तो अमेरिकेतला एक नंबरचा काउबॉय. स्टॅरेटच्या मागे उभं राहून गाणारा पोरगा त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला. फरक कशाचा? गळ्याचा. १९३५ च्या सुमारास जीन ऑट्री गाणारा काउबॉय म्हणून आला आणि सगळं बदललं, काउबॉयने गिटार वाजवलीच पाहिजे असं होऊन बसलं. स्टॅरेटला गाता येत नव्हतं. मग कंपनीने तोडगा काढला, गाणी म्हणायला शेजारी दुसऱ्यांना उभं करायचं. पायोनियर्स १९३७ ते ४१ त्याच्या सिनेमांत कायम होते, आणि त्यांचा बॉब नोलन जवळजवळ दुसरा हिरो होऊन बसला.

ह्या पहिल्या टप्प्यातले सिनेमे मला व्यक्तिशः जास्त आवडतात. हिरोईन बहुतेक वेळा आयरिस मेरिडिथ, व्हिलन बहुतेक वेळा डिक कर्टिस, आणि शेवटी दोघांची अशी काही मारामारी की टेबलं-खुर्च्या काही शिल्लक राहात नाही. कर्टिस उंचीला आणि रुंदीला स्टॅरेटच्या बरोबरीचा होता म्हणून ती मारामारी खरी वाटते. पोरंही ह्या दोघांची वाटच बघत असणार. मधे १९४१ मध्ये कंपनीने स्टॅरेटला डॉक्टर करून बघितलं, मेडिको म्हणून तीन सिनेमांची छोटी मालिका, डॉक्टर स्टीव्हन मन्रो घोड्यावरून पेशंट बघत फिरतो. ती काही चालली नाही, पोरांना नाडी बघणारा काउबॉय नको होता. त्यातल्या दोन सिनेमांत विनोदी जोडीदार होता क्लिफ एडवर्ड्स, ज्याचा आवाज तुम्ही डिस्नेच्या पिनोकिओमध्ये ऐकलाय, जिमिनी क्रिकेट तोच.

आता मुद्द्याचं, तो रुमाल. १९४० मध्ये कोलंबियाने द ड्युरँगो किड नावाचा एक सिनेमा केला, दिग्दर्शक लॅम्बर्ट हिलियर. त्यात स्टॅरेट दिवसाढवळ्या साधा सरळ माणूस, आणि वेळ आली की काळे कपडे, काळी टोपी, नाकापासून खाली काळा रुमाल, पांढरा घोडा. हा झोरो ह्या मुखवटेवाल्या हिरोचाच नातेवाईक, उघड आहे. सिनेमा आला आणि गेला, कंपनीने त्याचं पुढे काहीच केलं नाही. पाच वर्षं ती कल्पना तशीच पडून. आणि मग १९४५ मध्ये द रिटर्न ऑफ द ड्युरँगो किड काढला आणि तिथून १९५२ पर्यंत स्टॅरेटने दुसरं काही केलंच नाही, एकामागून एक साठाहून जास्त ड्युरँगो किड.

बहुतेक सिनेमांत त्याचं नाव स्टीव्ह. आडनाव मात्र सारखं बदलणारं, कधी रेनॉल्ड्स कधी आणखी काही. म्हणजे गोष्टी एकमेकींना जोडलेल्याच नाहीत, प्रत्येक वेळी नवा स्टीव्ह आणि प्रत्येक वेळी तो गुपचूप ड्युरँगो किड. स्टीव्ह गावात येतो, बँक लुटली गेलीय नाहीतर रँचरना कुणीतरी हुसकावतंय, गावातला सगळ्यात प्रतिष्ठित माणूसच चोरांचा म्होरक्या निघतो हे आपल्याला पाचव्या मिनिटाला कळतं आणि स्टीव्हला पन्नासाव्या. मधे तो साध्या घोड्यावरून खडकांमागे जातो आणि क्षणात दुसऱ्या बाजूने काळ्या कपड्यात रेडर नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येतो. कपडे कुठे होते, तो पांढरा घोडा दिवसभर तिथे कुणी सांभाळला, त्याला दाणापाणी कुणी घातलं, काही विचारायचं नाही. आणि सहा फुटांच्या वर उंची, तोच आवाज, तेच डोळे, नुसता हनुवटीवर रुमाल घेतला की गावात एकालाही ओळख पटत नाही.

कथा म्हणून हे सगळं हास्यास्पद आहे. पण आता हिशोब करा. हिरोचा चेहरा झाकलेला आहे म्हणजे ॲक्शनच्या अर्ध्या सिनेमात हिरो असण्याची गरजच नाही. डबल, म्हणजे हिरोच्या जागी धोक्याची कामं करणारा बदली माणूस, चालतो, आणि नुसता लांबून नाही, जवळूनही चालतो. आधी टेड मेप्स हा स्टॅरेटचा डबल असायचा. पण खरी मजा आली जॉक महोनी आल्यावर. महोनी सहा फूट चार इंच उंच, अंगाने मांजरासारखा लवचिक, आणि उड्या अशा की बघत राहावं. रिकिबीला पाय न लावता पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर झेप, बाल्कनीतून खाली तीन गुंडांच्या अंगावर, कुंपणावरून पलीकडे. ड्युरँगो किड एकदम वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखा वाटला की समजायचं तो महोनी, आणि रुमाल खाली करून शांतपणे बोलायला लागला की तो स्टॅरेट. गंमत म्हणजे महोनीला त्याच सिनेमांत छोटे छोटे रोलही असायचे, म्हणजे एका सीनमध्ये हा माणूस ड्युरँगो किडला भेटतो आणि दुसऱ्या सीनमध्ये तोच ड्युरँगो किड असतो.

ह्या महोनीला आपल्याकडचे जुने प्रेक्षक वेगळ्या कारणाने ओळखत असतील. तो पुढे टारझन झाला, आणि १९६२ चा टारझन गोज टू इंडिया इथे भारतात येऊन शूट केला. त्यात फिरोज खान आणि सिमी होते. फिरोज खानने पुढे हिंदीत जी काउबॉय टोपी आणि बूट मिरवले ते बघता, त्याने एका खऱ्या बी-वेस्टर्नवाल्याबरोबर काम केलं होतं हे मला फार छान वाटतं. ह्याच्यावरून काही सिद्ध होतं असं नाही, नुसतं छान वाटतं.

रुमालाचा दुसरा फायदा तर डबलपेक्षाही मोठा. चेहरा दिसत नाही आणि कपडे, टोपी, घोडा कायम तेच, म्हणजे १९४६ मध्ये घेतलेला पाठलागाचा शॉट १९५१ च्या सिनेमात बिनदिक्कत चिकटवता येतो. दुसऱ्या हिरोंच्या बाबतीत हे अवघड होतं, शर्ट बदललेला असायचा, पोट सुटलेलं दिसायचं. इथे अंगभर काळे कपडे आणि पांढरा घोडा, पाच वर्षांनीही फरक कळत नाही. आणि कोलंबियाने ह्याचा पुरेपूर फायदा उठवला. शेवटच्या दोन-तीन वर्षांतले सिनेमे बघितले तर कितीतरी वेळा जुने तुकडे लावलेले दिसतात, आधी जुने शॉट निवडायचे आणि मग ते जिथे बसतील अशी गोष्ट लिहायची असा प्रकार. व्हिलनला मुद्दाम जुन्या सिनेमातल्या व्हिलनसारखा चौकड्यांचा शर्ट नाहीतर तसलीच टोपी घालायची, म्हणजे जुन्या पाठलागात पाठमोरा दिसतो तो हाच असं वाटावं. कुणी कात्री लावणाऱ्याचा धंदा म्हणून ह्याला नावं ठेवील, पण ठरलेल्या भाड्याच्या त्या गणितात दुसरं काय करणार? प्रत्येक वर्षी घोड्यांचं, माणसांचं, फिल्मचं सगळ्याचं महाग होत चाललेलं आणि भाडं मात्र तेवढंच.

उरलेला वेळ भरायला दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पाहुणे गायक-वादक. १९४५ च्या ब्लेझिंग द वेस्टर्न ट्रेलमध्ये बॉब विल्स आणि त्याचे टेक्सस प्लेबॉईज आहेत, आणि त्या काळात टेक्सस-ओक्लाहोमाकडे विल्स म्हणजे रेकॉर्ड-रेडिओवरचा मोठा स्टार. ह्या लोकांना कथेत काही काम नसायचं, शेकोटीपाशी बसून एक गाणं, सलूनमध्ये एक गाणं. पण त्यांच्या नावावर खेड्यातली तिकिटं जायची आणि एका गाण्यात तीन मिनिटं सुटायची. आज ह्या सिनेमांची खरी किंमत मला तिथेच दिसते, ज्यांची नुसती रेकॉर्ड ऐकायची त्या वेस्टर्न स्विंगवाल्यांना, म्हणजे काउबॉय गाण्यांत जॅझ मिसळून वाजवणाऱ्यांना, हलताना बोलताना बघता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्मायली बर्नेट. गोलमटोल, काळी टोपी पुढून वर वळवलेली, वाटेल ते वाद्य वाजवणारा. हा आधी रिपब्लिकमध्ये जीन ऑट्रीचा जोडीदार होता आणि १९४६ पासून शेवटपर्यंत स्टॅरेटबरोबर. पोस्टरवर दोघांची नावं जवळजवळ बरोबरीने. त्याचा विनोद आज फारसा हसवत नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कपड्यात अडकणं, पाण्यात पडणं, स्वतःच्याच युक्तीत फसणं, तेच तेच. पण दिग्दर्शक रे नाझारो असो की फ्रेड सीअर्स, दोघांनाही माहीत होतं की पोरं स्मायलीची वाट बघतात, म्हणून दर दहा मिनिटांनी तो आलाच पाहिजे. (हा फ्रेड सीअर्स पुढे १९५६ मध्ये रॉक अराउंड द क्लॉक करून गेला. कमी पैशांत, कमी दिवसांत सिनेमा उरकायची तालीम ड्युरँगो किडमध्ये पक्की झालेली.)

मग स्टॅरेट लोकप्रिय होता की नव्हता? होता. मोशन पिक्चर हेरल्ड नावाचं धंद्याचं साप्ताहिक थिएटरवाल्यांना विचारून दरवर्षी सगळ्यात जास्त गल्ला आणणाऱ्या दहा काउबॉयची यादी काढायचं, त्यात त्याचं नाव बहुतेक वर्षं असायचंच. पण वर ऑट्री नाहीतर रॉजर्स. स्टॅरेट मधे कुठेतरी. ऑट्री आणि रॉजर्सची गाणी, रेडिओ, कॉमिक, पोरांच्या डब्यांवर चित्रं, सगळं होतं. स्टॅरेटकडे होता एक रुमाल, आणि रुमाल बांधलेल्या माणसाचा फोटो डब्यावर छापून काय करणार, कुणाचाही असू शकतो! रुमालाने त्याची नोकरी टिकवली आणि त्याच रुमालाने त्याचा चेहरा लोकांच्या लक्षात राहू दिला नाही असं माझं मत आहे. ड्युरँगो किड कोण हे त्या काळच्या पोरांना बरोबर आठवतं, चार्ल्स स्टॅरेट म्हटलं की क्षणभर विचार करतात.

शेवट का झाला हे सांगायला फार वेळ लागत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंटच्या खटल्यात निकाल दिला, मोठ्या सिनेमाबरोबर गठ्ठ्याने छोटे सिनेमे थिएटरच्या गळ्यात मारायची पद्धत मोडली आणि मोठ्या स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडावी लागली. कोलंबियाकडे थिएटरं नव्हतीच, पण सगळा बाजारच हलला. आणि १९४९ मध्ये टीव्हीवर हॉपअलाँग कॅसिडी ह्या काउबॉयचे जुने सिनेमे सुरू झाले, लोन रेंजर हा दुसरा काउबॉय तर टीव्हीसाठीच नवीन बनवलेला. म्हणजे जे बघायला शनिवारी पैसे देऊन जायचं तेच घरी फुकट. ऑट्रीने १९५० मध्येच स्वतःची टीव्ही मालिका काढली, धूर्त माणूस. १९५४ मध्ये वेन मॉरिसचा टू गन्स अँड अ बॅज आला, तो ह्या मालिका पद्धतीचा शेवटचा सिनेमा मानतात.

स्टॅरेट त्याच्याही दोन वर्षं आधी थांबला. १९५२ चा द किड फ्रॉम ब्रोकन गन, त्यातही मधला बराच भाग जुन्या फिल्मचा. वय ४९. टीव्हीत गेला नाही, छोटे रोल करत बसला नाही. घरचे पैसे होते, १९२७ मध्ये लग्न केलेली बायको होती, कॅलिफोर्नियातल्या बोरेगो स्प्रिंग्सला वाळवंटात त्याचं उतारवय गेलं आणि २२ मार्च १९८६ ला, ८३ वा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, तो तिथेच गेला. स्मायली बर्नेट मात्र टीव्हीवर पेटिकोट जंक्शनमध्ये रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर होऊन १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, कामच करत होता.

कुणाला बघायचे असतील तर माझा सल्ला, पहिल्यांदा शेवटचे बघू नका, कंटाळा येईल. आधी ३८-३९ च्या आसपासचा डिक कर्टिसवाला एखादा बघा, म्हणजे स्टॅरेट स्वतः काय करू शकायचा ते कळेल. मग १९४५-४६ चा एक ड्युरँगो किड, बॉब विल्सवाला मिळाला तर उत्तमच. आणि एवढं झाल्यावरही हौस उरली तर एक ४७-४८ चा आणि एक १९५१ चा असे दोन लागोपाठ लावा आणि पाठलाग सुरू झाला की रेडरकडे लक्ष ठेवा. तोच खडक, तेच वळण, त्याच जागी उडणारी धूळ सापडली तर पॉज करून शेजारच्याला दाखवायला विसरू नका.